शेवरलेटची उजवी बाजू

गुरुपादप्पांच्या गाडीबद्दल लातुरात जो तो काहीतरी ठोकून देतो. कुणी म्हणतो ती निजामाच्या जनानखान्यातली, कुणी म्हणतो तिच्या डिकीत रझाकारांच्या बंदुका सापडल्या होत्या. सगळं झूट. मी अप्पांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, आणि सगळा जन्म शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त करण्यात गेलेला मास्तर. तेव्हा ही चूकही आता दुरुस्त करून टाकतो.

ती गाडी म्हणजे एकावन्न सालची शेवरलेट. हैदराबादकडं कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या एका अमेरिकन इंजिनियरानं ती बोटीतून बरोबर आणली होती. काम संपलं, साहेब मायदेशी गेला, गाडी मागं राहिली. त्याच सुमारास गुरुपादप्पा तुरीचा ट्रक घेऊन हैदराबादला गेले होते. गंजगोलाईच्या बाजारपेठेत त्यांची अडत होती. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात धोतर-सदरा, आणि बोलणं इतकं कमी, की रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची बाजारातली रीत यांच्यासाठीच निघाली असावी असं वाटायचं. असा माणूस तूर विकायला जातो काय आणि येताना ट्रकच्या मागोमाग हिरवीगार, गल्लीच्या रुंदीची गाडी घेऊन येतो काय!

त्यांच्या पत्नी कमलम्मा आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "ह्याचं तोंड कुठल्या अंगाला हाय?"

त्यांची चूक नव्हती. पुढून आणि मागून ती सारखीच फुगलेली होती. पण खरी अडचण तोंडाची नव्हती. अमेरिकेत म्हणे रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, त्यामुळं तिचं स्टेअरिंग डावीकडं. आपण जायचं डावीकडून, आणि पुढच्याला ओलांडायचं उजवीकडून. म्हणजे पुढं बैलगाडी आली की डाव्या खिडकीशी बसलेल्या अप्पांना कडब्याच्या पेंढ्या आणि रस्त्याकडेच्या बाभळी एवढंच दिसायचं. समोरून ट्रक येतोय की म्हशी, हे कळायला आधी अर्धी गाडी उजवीकडं काढावी लागायची, आणि कळेपर्यंत ट्रकवाल्यानं आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असायचा.

पहिल्याच फेरीत हे ध्यानात आलं. अप्पा कमलम्मांना घेऊन त्यांच्या माहेरी, उदगीरला निघाले होते. एका बैलगाडीमागं ते इतका वेळ रांगले, की बैलगाडीवाला उतरून विचारायला आला, पाहुणे कुणाकडं चाललेत म्हणून. शेवटी उजवीकडं बसलेल्या कमलम्मांचा धीर सुटला. त्यांनी डोकं बाहेर काढलं, रस्ता पाहिला आणि म्हणाल्या, "या!"

"कुठं येऊ?"

"मोकळं हाय म्हणते मी. या पुढं!"

कमलम्मा नवऱ्याला 'जा' म्हणत नसत. घरच्या माणसाला जा म्हणू नये, 'या' म्हणावं, म्हणजे तो सुखरूप परत येतो, हे त्यांना आईनं शिकवलेलं. अप्पा दुकानाला निघाले तरी त्या दारात उभ्या राहून "या" म्हणायच्या. तेच आता गाडीत सुरू झालं. रस्ता मोकळा असला की "या". समोरून काही येत असलं की "ऱ्हाऊ द्या". एवढ्या दोन शब्दांवर ती अमेरिकन गाडी मराठवाडाभर फिरली. आणि एक गोष्ट मला शेजारी म्हणून ठाऊक आहे. घरात कमलम्मांनी सांगितलेलं अप्पा ऐकायचे, पण चार वेळा सांगितल्यावर. गाडीत मात्र पहिल्या शब्दाला. त्यामुळं कमलम्मांना ती उजवी सीट फार प्रिय होती. तिथं बसल्या की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज यायचं.

गाडीला आपण फार काही केलं नाही, असं अप्पा सांगायचे. म्हणजे काय केलं ते ऐका. बॉनेटच्या टोकावर झेप घेतलेला एक चकचकीत पक्षी होता. तो काढून तिथं पितळी नंदी बसवला. त्या नंदीमागं बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, तेही पेंटरला बोलावून, ऑइलपेंटमध्ये. हॉर्नचा आवाज गेला होता, म्हणून बंपरखाली बैलांची घुंगरमाळ बांधली. खिडक्यांना कमलम्मांच्या जुन्या इरकली साड्यांचे पडदे. टपावर पोत्यांसाठी कॅरिअर. मागच्या काचेवर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पेंटरनं आपल्या मनानं काढलेले दोन पोपट. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही ओवाळायचे, नैवेद्य दाखवायचे, आणि त्या दिवशी तिला कामाला जुंपायचे नाहीत. त्या अमेरिकन इंजिनियरानं गाडी परत पाहिली असती तर ओळखली नसती, आणि ओळखली असती तर नमस्कार केला असता.

स्टेअरिंग उजवीकडं करून घ्या, असं गावातल्या शहाण्यांनी सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, "नंदीची मान मोडून दुसऱ्या अंगाला बसवू का?" तरी एकदा त्यांनी न्हाव्याच्या दुकानातला एक आरसा आणून उजव्या खिडकीच्या वर तिरका बसवला, उजवीकडचा रस्ता दिसावा म्हणून. त्यात रस्ता काही दिसेना. कमलम्मांचा चेहरा तेवढा दिसायचा.

"अप्पा, आरसा चुकला," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या की मास्तर," अप्पा म्हणाले. "जे दिसायलंय ते बरं हाय."

गाडीला आणखी एक सवय होती. ती पाणी फार प्यायची. वय झालेलं इंजिन, त्यात आमचं ऊन. बहात्तरच्या दुष्काळात माणसं घागरीसाठी कोसभर चालत होती, आणि ही बया चढ आला की फसफसून वाफ सोडायची. तेव्हा कमलम्मांनी हुकूम काढला, "आधी माणसं पितील. उरलं तर तुमचा नंदी पिईल." आणि त्या स्वतःच एक तांब्याची कळशी ओल्या फडक्यात गुंडाळून पायांपाशी धरून बसू लागल्या. दुष्काळ सरला तरी कळशीची जागा ठरली ती ठरली. उजव्या सीटवर कमलम्मा, पायांशी कळशी, मांडीवर धपाट्यांची आणि शेंगाचटणीची पिशवी. ही सगळी तयारी असली की गाडी निघायची.

मग ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, आणि गावाच्या अंगात आलं. न्हाव्यानं पाटी बदलून 'जिल्हा हेअर कटिंग सलून' केलं. चहावाल्यानं कप लहान केला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असाच कप असतो म्हणून सांगू लागला. आमचे हेडमास्तर प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांवर खेकसायचे, "नाक पुसा! तुम्ही आता जिल्ह्याची मुलं आहात!" आणि नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. विहिरी आटल्या, नळ दिवसाआड आले, मग आठवड्याआड. जिल्हा आला आन् पाणी गेलं, असं बायका नळावर उघड म्हणायच्या.

अशात नव्या जिल्ह्याला पाणीपुरवठ्याचे एक मोठे साहेब मिळाले. ते नांदेडहून बदलून येणार होते. बाजारातल्या लोकांनी ठरवलं, यांना वाजतगाजत आणायचं. लगेच स्वागत समिती झाली. सचिव झाले कापडवाले किशनराव. त्यांचा आवाज गोलाईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, एवढी पात्रता पुरेशी होती. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि साहेबांना, त्यांच्या पत्नीला आणायला गाडी कुणाची, हा प्रश्नच नव्हता. अप्पांनी आदल्या दिवशी नंदीला चिंचेनं घासून लखलखीत केलं.

कमलम्मांनी ठेवणीतलं इरकल काढलं. "साहेबांच्या बायकूशी बोलायला गाडीत कुणी बाईमाणूस नको का?" असं म्हणत त्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. मागं मी आणि किशनराव. पहाटे निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळं "या" आणि "ऱ्हाऊ द्या" करत मागं टाकलं आणि उन्हं चढायच्या आत गोदावरीचा पूल ओलांडून नांदेडात शिरलो.

साहेबांच्या क्वार्टरच्या थोडं अलीकडं किशनरावांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, उपरणं नीट केलं आणि घसा साफ केला. हा माणूस घसा साफ करू लागला की काहीतरी घाण बाहेर येणार, हे मला अनुभवानं माहीत आहे.

"वहिनी," ते म्हणाले, "इथनं तुम्ही एसटीनं या. स्टँड जवळच हाय."

कमलम्मांना वाटलं चेष्टा आहे. त्या हसल्या.

"न्हाई, तसं न्हवं. मागं साहेब, बाईसाहेब आन् मास्तर बसतील. पुढं सचिव पाहिजे. ह्या बाकड्यावर तिघं मावतात, पण मी तुमच्याशेजारी बसणं बरं दिसतं का? आन् ही कळशी, ही पिशवी... साहेब काय म्हणतील? आता आपण जिल्ह्याची माणसं हाव."

आम्ही सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी एवढंच म्हणायचं होतं, की तिच्याशिवाय गाडी चालत नाही. ते खांद्यावरच्या पंच्यानं नंदी पुसत राहिले. लखलखीत नंदी होता तो. त्याला पुसण्यासारखं काहीही नव्हतं.

तेवढ्यात साहेब स्वतःच फाटकातून बाहेर आले. हसरे, साधे गृहस्थ. गाडीभोवती कौतुकानं फिरले. "वा! ही डावीकडची गाडी आपल्या रस्त्यावर चालवता? कोण चालवतं?"

"मीच," अप्पा म्हणाले. आणि जन्मात कधी एक शब्द जास्त न बोललेला तो माणूस त्या दिवशी तेवढा एक बोलला. "एकट्यानं."

कमलम्मांनी ते ऐकलं. त्या उतरल्या. कळशी कमरेवर घेतली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "बरं हाय." एवढंच. नवऱ्यापासून दूर होताना त्या "या" म्हणाल्या नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला इतका राग आला, की अप्पांना तिथंच चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण साहेबांच्या पत्नी सरोजिनीबाई बॅगा घेऊन आल्या, एक सुरई माझ्या हातात दिली, आणि निघायची घाई झाली.

पूल ओलांडला, शहर संपलं, आणि पहिल्याच वळणावर कडब्याची बैलगाडी पुढं आली.

"किशनराव," अप्पा हळूच म्हणाले, "उजवीकडं बगा जरा. मोकळं हाय का?"

"जाऊ द्या की!" किशनराव गरजले. ते बघत नव्हते. ते मागं वळून साहेबांना समितीचं कार्य सांगत होते.

अप्पांनी गाडी उजवीकडं काढली. समोर ट्रक. त्यानं जो भोंगा मारला त्यानं बैल उधळले, आमची गाडी डांबर सोडून खाली उतरली, एका बाभळीपाशी जाऊन उभी राहिली आणि घुंगरमाळ बराच वेळ एकटीच वाजत राहिली. सरोजिनीबाईंच्या बांगड्या माझ्या दंडात रुतल्या होत्या. त्यानंतर अप्पांचा किशनरावांवर भरवसा राहिला नाही, आणि किशनरावांचा कशावरच. पुढं काही दिसलं की ते डोळे मिटून घेत. आरशात पाहिलं तर त्यांच्या मिशा आणि मिटलेले डोळे, हेच दिसायचं.

आम्ही कडब्यामागून चालू लागलो. बैलगाडी आत वळली तर सरपणाची गाडी आली. ती गेली तर पाण्याचा टँकर. लोह्याजवळ मागून एक एसटी आली. तिनं टँकरला आणि आम्हाला एका दमात ओलांडलं. नांदेड–लातूर. ती पुढं जाताना तिच्या आमच्याकडच्या खिडकीत मला तांब्याची कळशी दिसली, आणि तिच्यावर ठेवलेला बांगड्यांचा हात. कमलम्मांनी गाडी पाहिली. मग त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

टँकर एका फाट्यावर वळला आणि आम्ही त्या एसटीमागं लागलो. आता गंमत अशी, की एसटी गावोगाव थांबते. ती थांबली की आम्ही थांबायचो, कारण थांबलेल्या गाडीपलीकडचंही अप्पांना दिसत नव्हतं. प्रत्येक थांब्यावर लोक एसटीकडं धावायचे, आणि तिथं जागा नाही असं दिसलं की आमच्याकडं यायचे. नंदी, घुंगरं, पडदे, मागं पोपट. कुठल्यातरी लग्नाचीच ही गाडी, अशी त्यांची समजूत व्हायची. माळाकोळीला एक म्हातारा दार उघडून चक्क आत बसू लागला. "अहो, जिल्ह्याचे साहेब आहेत!" मी ओरडलो. "मंग काय झालं, मी बी जिल्ह्यालाच निघालोय," तो म्हणाला. त्याला उतरवण्यात पुढचा थांबा जवळ आला.

एसटीच्या मागच्या काचेतून लोक आम्हाला बघून हसत होते. धुळीनं साहेबांचा पांढरा बुशशर्ट तांबूस झाला. माझ्या हातातल्या मानपत्रात 'आपल्या आगमनाने ही तृषार्त भूमी तृप्त होईल' असं एक वाक्य होतं. ते मला हळूहळू डाचू लागलं.

शेवटी साहेबांनी फार मायेनं विचारलं, "गुरुपादप्पा, आपण या बसच्या पुढं जाऊ शकत नाही का?"

"जाऊ की, सायेब," अप्पा म्हणाले. आणि गेले नाहीत.

अहमदपूरच्या अलीकडच्या चढाला इंजिननं मान टाकली. नंदीच्या मागून वाफेचा लोट उठला. अप्पा उतरले, धोतराचा सोगा हाताला गुंडाळून त्यांनी बॉनेट उघडलं, वाफ ओसरू दिली, आणि सवयीनं उजव्या दाराकडं हात पुढं केला. कळशीसाठी. तिथं किशनराव बसले होते.

पाणी कुठून आणायचं? जवळच्या शेतात एक बाई होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसाला पाह्यजे का गाडीला?" गाडीला म्हटल्यावर ती पाठ फिरवून निघून गेली. तिचं काही चुकलं नाही. आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. मग सरोजिनीबाईंनी माझ्या हातातली सुरई काढून घेतली आणि साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी एकदा सुरईकडं पाहिलं, एकदा रेडिएटरकडं. आणि लातूर जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचं पहिलं काम त्यांच्या हातून तिथं रस्त्यावर पार पडलं. पिण्याचं सगळं पाणी शेवरलेटनं गटागटा पिऊन टाकलं. साहेब रिकामी सुरई हलवून म्हणाले, "चला, योजना सुरू झाली."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. ते रिकाम्या सुरईकडं बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. मला तेव्हा त्यांची कीव आली. राग गेला नव्हता, पण कीवही आली.

रांगत रांगत आम्ही अहमदपूरच्या स्टँडवर पोचलो. एसटी जेवणासाठी उभी होती. ड्रायव्हर-कंडक्टर हॉटेलात गेलेले, पण बस भरलेली. त्याच खिडकीशी कमलम्मा बसल्या होत्या, मांडीवर धपाट्यांची पिशवी उघडून. शेजारच्या लेकुरवाळीला आणि मागच्या दोघा-तिघांना त्यांनी धपाटी वाटली होती. ती आमची धपाटी होती.

अप्पांनी गाडी थांबवली. मग उतरले आणि सरळ त्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

आता आमच्याकडं काय आहे, की नवऱ्यानं बायकोला चारचौघांत हाक मारायची पद्धत नाही. नाव तर घेत नाहीतच. मुलाला हाक मारायची आणि बायकोनं समजून घ्यायचं. यांना मूल नव्हतं. अप्पा नुसते उभे राहिले. एकदा खाकरले. कमलम्मा समोर बघत धपाटं खात होत्या. सगळी बस खिडक्यांना लागली. मागून साहेब, सरोजिनीबाई, मी, सगळे बघतोय.

शेवटी अप्पांच्या तोंडून निघालं, "अवं, ऐकलं का?"

हे वाक्य बायकांचं. नवऱ्याला बोलवायचं. बसमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय म्हणता?" कमलम्मा समोर बघतच म्हणाल्या.

"मला उजवीकडचं दिसत न्हाई."

"नांदेडात दिसत व्हतं की. एकट्यानं चालवता म्हणं."

अप्पांनी मागं वळून साहेबांकडं पाहिलं. मग चांगल्या मोठ्या आवाजात, लिलावात बोली लावावी तसं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "ते खोटं बोललो सायेब. गाडी ही चालवते. मी नुसतं चाक धरतो."

बसमधलं हसू थांबलं. कमलम्मांचा घास हातात राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की मिरची लागली होती, हे मला खालून कळलं नाही, पण त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"तिथं कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

"किशनराव."

"मग उतरवा आधी."

किशनराव नियमाचं काहीतरी बोलू लागले, पण सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो सचिव, मघाशी ट्रक आला तेव्हा तुम्ही काय पाहत होता, ते सांगा बरं." त्यावर किशनराव मुकाट्यानं कमलम्मांचं तिकीट घेऊन बसमध्ये चढले. जाताना त्यांना धपाटं मात्र मिळालं. कमलम्मांचं मन मोठं.

कळशी आली. नंदी पुन्हा पाणी प्याला, मग साहेब प्याले. कमलम्मा आपल्या जागी बसल्या, पदर खोचला, आणि स्टँडच्या बाहेर उभ्या असलेल्या पहिल्याच बैलगाडीपाशी डोकं बाहेर काढून त्यांनी रस्ता पाहिला.

"या!"

त्या दिवशी अप्पांनी गाडी जी काढली तशी मी त्यांना कधी काढताना पाहिलं नव्हतं. चाकूरपर्यंत ट्रक, टेंपो, बैलगाड्या, कुणालाही सोडलं नाही. मागं सरोजिनीबाई टाळ्या वाजवत होत्या आणि साहेब स्वतःच हळू आवाजात "या, या" म्हणत होते.

लातूरच्या वेशीवर हलगी वाजत होती. हार घेऊन दोघं जण उभे होते. किशनरावांनी निघण्यापूर्वी त्यांना बजावून ठेवलं होतं, पहिला हार मागं बसलेल्या साहेबांना, आणि दुसरा पुढं उजवीकडं बसलेल्या माणसाला. ती जागा कुणाची असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलंच होतं. हारवाल्यानं हुकूम तंतोतंत पाळला. झेंडूचा तो भला मोठा हार खिडकीतून कमलम्मांच्या गळ्यात पडला. त्या गोंधळल्या, काढायला गेल्या.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले.

तो हार सुकेपर्यंत त्यांनी आरशाला टांगून ठेवला होता.

पुढं आमच्या गल्लीत टँकर नेमानं येऊ लागला, कारण सरोजिनीबाई दर महिन्याला कमलम्मांकडं धपाटी खायला यायच्या आणि येताना नळ कोरडा दिसला की घरी जाऊन साहेबांना विचारायच्या. साहेबांची बदली झाली. जिल्हा जुना झाला, पण कप काही पुन्हा मोठे झाले नाहीत. मग एका उन्हाळ्यात कमलम्मा थोड्याशा आजारानं गेल्या. गल्ली खूप रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

अप्पांनी गाडी विकली नाही. चालवायचेही. पण आता ते कुणाच्या पुढं जात नसत. पुढं बैलगाडी आली तर बैलगाडीमागं, सायकल आली तर सायकलमागं. मागून लोक बोंबलायचे, अप्पा ऐकून घ्यायचे. गाव म्हणू लागलं, म्हातारा भ्यायला.

परवा मला औश्याला जायचं होतं. अप्पा म्हणाले, चला सोडतो. मी उजवीकडं बसलो. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होतो, आणि आधी मी सीटवरची धूळ रुमालानं झटकली. गावाबाहेर पडलो तर पुढं उसाच्या वाड्यांची, म्हणजे चाऱ्याच्या हिरव्या शेंड्यांची, बैलगाडी. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. रस्ता पार दूरपर्यंत रिकामा होता.

"मोकळं आहे अप्पा, जा!"

अप्पा गेले नाहीत.

मला वाटलं ऐकू कमी येतंय. मी ओरडलो, "अप्पा, जा ना! काही नाही समोर!" माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ऊन. अप्पा स्टेअरिंग धरून, नंदीकडं बघत, बैलांच्या पावलानं चाललेले. मी चिडून वर पाहिलं. न्हाव्याचा तो आरसा अजून तिथंच होता, आणि त्यात मी दिसत होतो. त्यात बघता बघता माझ्या लक्षात आलं, की मी काय चूक करतोय.

मी पुन्हा डोकं बाहेर काढलं. रस्ता नीट पाहिला. मग आत येऊन हळूच म्हटलं, "या."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी घुंगरं वाजवत गाडी उजवीकडं काढली आणि बैलगाडी मागं टाकली.